साक्षीदार उशिरा सुचला: अर्ज कोणत्या तरतुदीखाली?

दिवाणी दाव्यात पुरावा सुरू झाल्यावर साक्षीदार वाढवायचा, तर पुष्कळ अर्जांच्या मथळ्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६, आदेश १८ नियम १७ आणि कलम १५१ (न्यायालयाचे अंगभूत अधिकार) अशी सगळी जंत्री असते. तिन्हींची कसोटी वेगळी आहे, आणि समोरचा वकील 'म्हणणे' (अर्जाला लेखी उत्तर) देताना नेमकं त्यावरच बोट ठेवतो. आधी दोन गोष्टी पाहा: माणूस नवा आहे की तपासून झालेला, आणि पुरावा संपल्याची पुरशीस (पक्षकाराचं लेखी निवेदन) दिली आहे का.

माणूस नवा आणि पुरावा चालू असेल, तर आदेश १६ नियम १(३). साक्षीदारांची यादी न्यायालयाने मुद्दे (वादाचे प्रश्न) काढल्यापासून १५ दिवसांत द्यायची असते. नाव राहिलं तर ते का राहिलं याचं पुरेसं कारण दाखवावं लागतं. समन्स न काढता साक्षीदार स्वतः सोबत आणला, तर नियम १-अ: यादीत नाव नसलं तरी त्याला तपासता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने मांगे राम विरुद्ध ब्रिज मोहन (१९८३) प्रकरणात म्हटलं. १(३)ची परवानगी लागते ती न्यायालयाकडून समन्स हवं असेल तेव्हा.

अर्ज बहुधा कारणावरच पडतो. साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) दाव्यात प्रतिवादीने कैफियतीतच (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच) सही नाकारली असेल, तर दस्तावरचा साक्षीदार लागणार हे मुद्दे काढतानाच ठाऊक होतं. 'नजरचुकीने राहिलं' एवढ्यावर भागणं कठीण. पण इसारापोटी दिलेली रक्कम कैफियतीत मान्य करून उलटतपासात पहिल्यांदाच नाकारली, तर त्या वेळी हजर असलेला माणूस आणायला सबळ कारण मिळतं. त्या उलटतपासाची तारीख, परिच्छेद आणि साक्षीदार कोणत्या मुद्द्यावर बोलणार हे अर्जात लिहा. सरतपासाच्या (आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्राचा मसुदा जोडलात तर लांबणीचा आरोप बोथट होतो. अर्थात, दाव्यात न मांडलेली हकीकत अशा साक्षीदाराच्या तोंडून आणता येत नाही.

आदेश १८ नियम १७ हा तपासून झालेल्या साक्षीदारासाठी. तो कोणत्याही टप्प्यावर वापरता येतो, पण मुळात ती न्यायालयाची शंका दूर करण्याची सोय आहे. सरतपासात विसरलेलं भरून काढायला ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वादिराज वेर्णेकर प्रकरणात (२००९) म्हटलं. नवीन माणसासाठी हा नियम लावूच नका.

पुरशीस दिली असेल किंवा युक्तिवाद सुरू झाला असेल, तर पुरावा पुन्हा खुला करायला कलम १५१. आधी यासाठी आदेश १८चा नियम १७-अ होता. तो १ जुलै २००२ पासून गेला. वेलुसामी विरुद्ध पलानीसामी (२०११) या निकालाने कलम १५१चा मार्ग मोकळा ठेवला, पण अपवाद म्हणूनच. निष्काळजीपणा झाकायला केलेला अर्ज भारी खर्चासह फेटाळावा, असंही त्यात आहे. पुरशीस अजून दिली नसेल तर थांबा; आधी १(३)चा अर्ज निकाली काढून घ्या.

व्यापारी दाव्यात हिशेब आणखी कडक: सर्व साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं एकदमच, आणि जादा प्रतिज्ञापत्रासाठी अर्ज, पुरेसं कारण व न्यायालयाचा सकारण आदेश.

अर्ज नामंजूर झाला तर महाराष्ट्र-गोव्यात संविधानाच्या अनुच्छेद २२७खाली मुंबई उच्च न्यायालय. मात्र तिथे हस्तक्षेपाला वाव थोडा. तरीही लेखी अर्ज आणि त्यावरचा आदेश अभिलेखावर हवाच. अपिलात आदेश ४१ नियम २७(१)(अ) घ्यायचा, तर खालच्या न्यायालयाने घ्यायला हवा होता असा पुरावा नाकारला हे दाखवावं लागतं. तोंडी विनंती रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) उतरली नसेल, तर दाखवणार काय?