लाइव्ह चित्र दाखवून पैसे घेतले, महिन्याचं रेकॉर्डिंग नव्हतंच

सीसीटीव्ही कॅमेरे बसवून झाले की बसवणारा मोबाइल पुढे करतो, "बघा ताई, किती क्लिअर दिसतंय!" आणि आपण पैसे देऊन टाकतो. फसवणूक होते ती नेमकी इथे. दिवसाउजेडी लाइव्ह चित्र कुठलाही कॅमेरा बरं दाखवतो. आपण पैसे मोजतो ते रेकॉर्डिंगसाठी, आणि त्या दिवशी दाखवण्याइतकं काही साठलेलंच नसतं.

आमचं बोलणं ठरलं होतं ते असं: चार फुल एचडी कॅमेरे, महिनाभराचं रेकॉर्डिंग, एक टीबीची नवी कोरी हार्डडिस्क आणि अस्सल तांब्याची वायर. पुढे आम्ही बाहेरगावी होतो तेव्हा मुलीची सायकल चोरीला गेली. ती कोणत्या दिवसापर्यंत जागेवर होती, हे शेजाऱ्यांनी सांगितलं. ती तारीख डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग डिस्कवर साठवणाऱ्या डब्यात, उघडली तर काहीच नाही. बसवणाऱ्याला फोन केला, तर उत्तर आलं, "तेव्हा लाइट गेली असेल ताई." लाइट गेलेली नव्हती. डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो. आमच्या कामाचा दिवस असाच पुसला गेला होता.

हा हिशेब कुणालाही घरबसल्या करता येतो, म्हणून नीट सांगते. फुल एचडी कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठणारी माहिती, 4 एमबीपीएस (मेगाबिट) धरा. तासाला 1.8 जीबी, दिवसाला साधारण 43 जीबी. चार कॅमेऱ्यांचे झाले 173. म्हणजे अखंड रेकॉर्डिंग चालू असेल तर एक टीबीत (1000 जीबी) सहा दिवससुद्धा बसत नाहीत. महिन्यासाठी पाच टीबीहून जास्त जागा लागते. एच.265 या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने साठवलं तर साधारण निम्म्यात भागतं, पण तरी एक टीबी पुरत नाहीच. महिन्याचा शब्द देणाऱ्याला हे आकडे पाठ असतात. त्याचा धंदाच तो आहे.

आमच्याकडे तर त्याने बिटरेट 2 वर आणून ठेवला होता, तरी बाराव्या दिवशी पहिला दिवस पुसला जात होता. सेटिंगमध्ये लिहिलं होतं '1080एन'. वाचताना 1080पी वाटावं असंच हे नाव आहे. 1080पी म्हणजे फुल एचडी, 1920 बाय 1080 पिक्सेल. 1080एन म्हणजे साधारण 960 बाय 1080. रुंदीतले अर्धे पिक्सेल गायब, आणि स्क्रीनवर चित्र ताणून दाखवलं जातं. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही. फाटकाशी उभ्या माणसाचा चेहरा मोठा करून बघितला की नाक-डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. कॅमेरे फुल एचडीचेच होते, डीव्हीआरच तेवढं रेकॉर्ड करू शकत नव्हता. कॅमेऱ्याचा खोका दाखवून डीव्हीआरबद्दल गप्प राहायचं, ही यातली नेहमीची चाल.

डिस्कचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. डीव्हीआरच्या मेनूत डिस्कच्या माहितीत 'स्मार्ट' नावाचं पान असतं. त्यात डिस्क आजवर किती तास चालली ते दिसतं. वर्षाचे तास 8760. आमच्या 'नव्या कोऱ्या' डिस्कवर तीस हजारांच्या वर तास होते, म्हणजे साडेतीन वर्षं ती दुसरीकडे राबून आली होती. हा आकडा पुसूनही डिस्का विकल्या जातात, तेव्हा वरचा सिरीयल नंबर उत्पादकाच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही बघा. रात्रंदिवस लिहिणं सोसणाऱ्या, सीसीटीव्हीसाठीच बनवलेल्या डिस्का वेगळ्या मिळतात. बिलावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर लिहूनच घ्या.

वायरीत तर उघड लबाडी होती. मागचा कॅमेरा दिवसा ठणठणीत, अंधार पडला की बंद-चालू. दुसऱ्या कारागिराने वायरीचं टोक ब्लेडने खरवडलं, तर वरचा तांबूस थर निघून आत पांढरट ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण 61 टक्केच वीज वाहून नेतं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो, लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. वायर भिंतीत जायच्या आधी तुकडा मागून खरवडून बघा. कारागीर खरा असेल तर त्याला राग येत नाही.

ॲडमिन पासवर्डही त्याने स्वतःकडेच ठेवला होता. आमच्या घराचे कॅमेरे त्याच्या ॲप खात्याला जोडलेले, आम्हाला फक्त बघायची परवानगी. म्हणजे आमचं अंगण तो कधीही बघू शकत होता! मालकीचं खाते आपल्या नंबरवर आणि पासवर्ड आपण बदललेला, हे झाल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नका. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर 2016 मध्ये 'मिराई' या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) प्रचंड संख्येने ताब्यात घेतले होते.

पैसे देताना थोडी रक्कम हातात राखा. डिस्क एकदा पूर्ण भरू द्या, मग सगळ्यात जुन्या तारखेची रात्रीची क्लिप काढून पेनड्राइव्हवर घ्या आणि कॉम्प्युटरवर बघा. उरलेले पैसे त्यानंतर.

मेमरी कार्डावर चालणारा वायफाय कॅमेरा असेल, तर बनावट कार्डांचा धोका आहेच. वर 256 जीबी छापलेलं, कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसतं, पण आत खरी जागा त्याच्या छोट्याशा अंशाइतकीच असते. ती संपली की पुढच्या फायली खराब होतात. 'एच2टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ3' हे मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात आणि खरी जागा सांगतात. वेळ बराच जातो. कार्ड कॅमेऱ्यात घालण्याआधीच ते करून घ्या, कारण एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं की कार्ड बाहेर काढून तपासायला कुणी बसत नाही.