आरसिसलॉग: हवे तेवढेच लॉग पुढे पाठवायचे असतील तर

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याचं आयटी मी बघतो. लॉग, म्हणजे मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी, जमा करणारं मशीन पणजीला, पाटोच्या ऑफिसात. पूर्वी सगळे लॉग सरसकट तिथे जायचे. फायरवॉल प्रत्येक कनेक्शनला एक ओळ लिहितो, त्यात रात्री कोणी रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) शिरायचा प्रयत्न केला ते शोधणं म्हणजे पोतंभर तांदळातला एक खडा शोधणं.

आरसिसलॉग, म्हणजे लॉग गोळा करून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, उबुंटू सर्व्हरवर आधीपासून असतं. नियम साधा लिहिला: फॅसिलिटी, म्हणजे ओळीचा प्रकार, 'ऑथप्रिव्ह' (लॉगिनसंबंधी) असेल किंवा मजकुरात 'डिनाय' (नाकारलं) असेल तर टीसीपीने (पोच घेणाऱ्या पद्धतीने) पणजीला पाठव. बाकीचं वेर्ण्यातच राहतं, आणि राहायलाच हवं, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. निवड पाठवण्यात करायची, साठवण्यात नाही. एक सांभाळा: नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. 'स्टॉप' (ही ओळ इथेच संपव) चुकीच्या जागी पडला तर पुढच्या नियमापर्यंत ओळ पोचतच नाही.

पावसात मात्र मला धडा मिळाला. कुठ्ठाळीजवळ खोदकामात आमची लाइन तुटली. 'पोचेपर्यंत प्रयत्न करत राहा' म्हणून मी रिट्राय उणे एक ठेवला होता, पण पाठवण्याच्या त्या अ‍ॅक्शनला स्वतःची क्यू (थांबलेल्या ओळींची रांग) दिली नव्हती. पणजी मिळेना म्हणून ती अ‍ॅक्शन अडून बसली, मागे मुख्य क्यू भरली, आणि वेर्ण्यातल्या फाइलीत लिहिणंही थांबलं. थोड्या वेळाने एसएसएचने (दुरून) लॉगिन करतानाही मशीन लटकायला लागलं. चूक माझीच. आता त्या अ‍ॅक्शनला 'लिंक्डलिस्ट' (मेमरीतली) क्यू, तिला फाइलचं नाव, डिस्कवरच्या जागेची मर्यादा आणि बंद होताना साठवण्याची सेटिंग, एवढं सगळं दिलंय. हे केल्याशिवाय कोणी निवडक फॉरवर्डिंग चालू करू नये, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

खटकतं ते डॉक्युमेंटेशन. एका @ ने यूडीपी (पोच न घेणारी पद्धत), दोन @@ नी टीसीपी ही जुनी पद्धत आणि नवी लांबलचक पद्धत, दोन्ही चालतात. नेटवरच्या उदाहरणांत दोघींची खिचडी. बदल केला की रीस्टार्टआधी आरसिसलॉगला 'एन 1' (फक्त नियम तपासायचा पर्याय) लावून तपासा, मग 'लॉगर' कमांडने एक ओळ टाकून बघा.

चवथीच्या सुट्टीत मी मुद्दाम केबल काढली. तासाभराने परत लावली, तर अडलेल्या सगळ्या ओळी मूळ वेळेनिशी पाटोला पोचल्या.