वॉर्डातल्या पोरांसाठी कापडी बाहुली की प्लॅस्टिकची?
खारघरच्या एका ताईंना हॉस्पिटलमधल्या मुलांच्या वॉर्डात द्यायला खेळणी बनवायचीयत, म्हणून विचारत होत्या. साफसफाईत प्लॅस्टिक सरळ पुढे, साबणाने धुतलं, पुसलं की झालं, कापड मात्र आपल्याकडच्या पावसात वाळता वाळत नाही. खर्च म्हणाल तर शिंप्याकडची कात्रणं जवळपास फुकट. पण खेळ बघा ना, बाहुलीच्या मऊ हाताला पट्टी बांधून, बिनसुईच्या सिरिंजने पोर स्वतः इंजेक्शन देतं, आपल्याला काय होणारे ते त्याला आधीच कळतं आणि भीती बरीच कमी होते, कडक प्लॅस्टिकला ती मजा नाही. डोळे धाग्यानेच भरा हं, बटण अजिबात नको, लहानगी तोंडात घालतात.
तर ऑपरेशनआधी एकेका मुलाला, घरी न्यायला, कापडी बाहुली. प्लेरूममध्ये सगळ्यांत फिरणार असेल तर प्लॅस्टिकच. केमोवाल्या, म्हणजे कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलांसाठी काहीही द्यायच्या आधी सिस्टरना विचारा.