सांगलीतला साहित्य सिद्धांताचा वीकेंड क्लास: माझा अनुभव

सेटच्या (प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेच्या) तयारीसाठी विश्रामबागेतला एक क्लास लावलेला, नाव लिहीत नाही. एमएला चिन्हक (शब्दाचं रूप), चिन्हित (त्यातून कळणारा अर्थ), संरचनावाद (अर्थ सुट्या गोष्टीत नाही, त्यांच्यातल्या नात्यांच्या रचनेत असतो हा विचार) सगळं नुसतं पाठ केलेलं, डोक्यात शून्य. इथं मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं 'हळद' आणि म्हणाल्या बोला. कोण म्हणालं मार्केट यार्डातला भाव, कोण लग्न, कोण जेजुरीचा भंडारा, कोण जखमेवर लावायची. मग भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर काढला, की शब्द आणि अर्थ यांचं नातं निसर्गानं बांधलेलं नाही, रूढीनं ठरलेलं आहे, आणि वस्तू तीच राहून तिचा सांस्कृतिक अर्थ जागेप्रमाणं कसा बदलतो ते फ्रेंच समीक्षक बार्थनं पुढं नेलं. दोन वर्षांत जे कळलं नव्हतं ते अर्ध्या तासात कळलं राव!

बार्थचा १९६७ चा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध पण भारी झाला. एकानं विचारलं म्हणजे लेखक खरंच मेला का, सगळे हसले, पण तिथूनच अर्थ वाचक घडवतो ही चर्चा रंगली. १८४३ ला इथंच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं, राजाश्रयानं, मग त्यात सत्ता कुठं दिसते हा प्रश्न तर अजून डोक्यात आहे.

आता रडगाणं. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिकट की देरिदा (फ्रेंच तत्त्वज्ञ, वाचायला अवघड) वाचताच येत नाही (तसाही येत नाही म्हणा), आणि देशीवाद (साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेतून बघायचा विचार) शेवटच्या वीस मिनिटांत उरकला, मराठीच्या पोरांना तोच तर जास्त लागतो. फी जरा जास्तच वाटली. तरी बेसिक कच्चं असेल तर डोळे झाकून लावा, नुसते एमसीक्यू पाहिजे असतील तर नको.