लिव्हरची जुनी की सिलेंडरची नवी? मुलीची पहिली एअर रायफल घेताना

सांगली-मिरजेतल्या पालकांचा हा प्रश्न अलीकडे सारखा कानावर येतो. कोल्हापूर शेजारी असल्यामुळे तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाजांची नावं आपल्याकडे घराघरांत होतीच. २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि १० मीटरच्या रेंजवर शाळकरी मुलांची गर्दी वाढली. काही महिने रेंजची सामाईक रायफल वापरून झाली की मुलं स्वतःची मागतात. त्याच वेळी एखादा जुना शूटर आपली फाइनवर्कबाऊ या जर्मन कंपनीची लिव्हरवाली ६०२ किंवा ६०३ विकायला काढतो. तिच्यापुढे नव्या सिलेंडरवाल्या जर्मन रायफलची किंमत ऐकली की घरात विचार सुरू होतो.

आधी एक गैरसमज दूर करते. जुनी म्हणजे कमी अचूक, असं नाही. १९८४ ला लॉस एंजलिसमध्ये १० मीटर एअर रायफल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, आणि फाइनवर्कबाऊची ६०० ची मालिका (६०२, ६०३ त्यातल्याच) त्याच काळातली. बाजूचा लांब लिव्हर एकदा उघडून मिटला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते आणि ट्रिगर ओढल्यावर ती सगळी सुटते. दर वेळी तेवढीच हवा आणि तेवढाच दाब, त्यामुळे पेलेटचा, म्हणजे छर्‍याचा, वेग फारसा हलत नाही. त्याआधीच्या फाइनवर्कबाऊ ३०० मध्ये स्प्रिंग होती आणि तिचा धक्का जिरवायला अख्खी यंत्रणा रुळावर मागे सरकायची. ६०० मध्ये तो प्रकारच उरला नाही. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सील (हवा गळू न देणारी कडी) चांगलं असलेली ६०३ रेस्टवर, म्हणजे आधारावर, ठेवून मारली तर आजही सगळे शॉट एकाच भोकात देते.

फाइनवर्कबाऊच्या नव्या ७००, ८०० किंवा वॉल्थरच्या एलजी ४०० मध्ये नळीखालच्या सिलेंडरला साधारण २०० बार (दाबाचं एकक) इतकी हवा आधीच भरतात; म्हणून यांना पीसीपी म्हणतात. रेग्युलेटर ती ठरावीक दाबावर आणून प्रत्येक शॉटला मोजून सोडतो. एकदा भरला की साठ शॉटचा सामना आणि आधीचे साइटर (गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट) सहज निघतात, वर सरावालाही उरतं.

खरा फरक पडतो तो उभ्या पोझिशनमध्ये. डावं कोपर कमरेच्या हाडावर, पाठ किंचित मागे, मान सैल: ही बैठक जमवायला नवख्या मुलीला महिने लागतात. सिलेंडरची रायफल स्टँडवर टेकवायची, छोटा बोल्ट उघडायचा, पेलेट ठेवायचा, बोल्ट मिटायचा. पाय जागचे हलत नाहीत, खांदाही फारसा फिरत नाही. लिव्हरच्या रायफलमध्ये प्रत्येक शॉटला लिव्हर पूर्ण बाहेर ओढून परत दाबायचा असतो, तोही चार-पाच किलोची रायफल सांभाळत. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. अकरा-बारा वर्षांची मुलगी मात्र विसाव्या-पंचविसाव्या शॉटपासून सगळं अंग वळवून लिव्हर ओढू लागते, आणि मग पुढची बैठक आधीच्या बैठकीसारखी येत नाही. गुण तिथे जातात. साठ शॉटला सव्वा तास मिळतो, म्हणजे वेळ पुरतो, पण ताकद पुरत नाही. मोजणी आता दशांशात होते, त्यामुळे १०.७ आणि १०.१ यांतलं अंतरही शेवटी निकालात दिसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मूल लहान आणि अंगानं बारीक असेल तर जुनी लिव्हरची घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. पंधरा-सोळाचा दणकट मुलगा असेल, शिकायला अजून एक-दोन वर्षं द्यायची असतील, आणि सील बदलून देणारा माणूस पुण्या-मुंबईत ओळखीचा असेल, तर ६०३ वर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

सिलेंडरचीही एक अडचण आहे आणि आपल्या गावांत ती मोठी आहे: हवा. तुमच्या रेंजवर कॉम्प्रेसर किंवा भरायची मोठी टाकी आहे का, हे रायफल बघण्याआधी विचारा. इस्लामपूर, विटा, जत अशा ठिकाणी घरी सराव करायचा तर हातपंप लागतो आणि २०० बारपर्यंत तो मारणं हे घामाचं काम आहे. सिलेंडरवर तारीख कोरलेली असते. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत ती तपासली जाऊ शकते. वापरलेली पीसीपी घेताना ही तारीख न पाहता पैसे देऊ नका, कारण नवा सिलेंडर बराच महाग पडतो. भरलेला सिलेंडर एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवू नये, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

स्टॉकबद्दल, म्हणजे रायफलच्या दस्त्याबद्दल, थोडक्यात. जुन्या लाकडी स्टॉकमध्ये बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि गालाची पट्टी मर्यादितच सरकते. नव्या ॲल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये जवळजवळ सगळं हलवता येतं, म्हणजे वाढत्या मुलाला तीच रायफल पुढची काही वर्षं बसते. आणि कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी, गावभागात असोत की सांगलीवाडीत, रायफल तळमजल्याच्या कपाटात ठेवू नये. २०१९ आणि २०२१ चं पाणी सगळ्यांनी पाहिलंय.

कडेगाव-पलूसकडचे शेतकरी विचारतात, डुकरांना किंवा सागरेश्वरच्या हरणांना हाकलायला चालेल का? नाही. या रायफली जेमतेम साडेसात ज्यूलच्या. बोअर (नळीचं भोक) ४.५ मिमी आणि ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवाना लागत नाही. पण कागदी टार्गेट सोडून त्या कशावरही रोखायच्या नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे, आणि एवढ्याशा पेलेटनं जनावर मरत नाही, जखम घेऊन तडफडत राहतं.

तपासणी अशी करा. लिव्हरच्या रायफलीत हवा दाबून दोन मिनिटं थांबा, मग मारा. आवाज बसका आला तर सील गेलंय. पीसीपी भरून दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मग दोन्ही रायफली मुलीच्या हातात द्या, शूटिंगचं जॅकेट घालून पूर्ण साठ शॉट मारू द्या, आणि शेवटच्या वीस शॉटचे गुण पहिल्या वीसच्या गुणांशेजारी मांडून बघा.