वाडीतल्या नाताळाला एकच चित्रपट दाखवायचा तर कोणता?

नाताळच्या आठवड्यात वाडीत एक संध्याकाळ पडदा बांधायचा ठरतो आणि पहिला वाद चित्रपटावरूनच होतो. फादरना श्रद्धेचा विषय हवा असतो. शाळेच्या बाईंना मुलांना कळेल असे काहीतरी हवे असते. मुंबईहून आलेले चाकरमानी जुन्या इंग्रजी चित्रपटांची नावे घेतात आणि पुढच्या रांगेत बसणाऱ्या आज्यांना इंग्रजी येत नाही. वेंगुर्ले-मालवण पट्ट्यात हिंदू शेजारीही येतात, नेवऱ्या-दोदोल खायला येतात तसेच हक्काने. या सगळ्यांना धरून ठेवेल असा चित्रपट निवडायचा असतो.

चर्चेत नेहमी चार नावे येतात: 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६), 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७), 'क्लाउस' (२०१९) आणि 'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६). आमचे मत आधीच सांगतो. उघड्या मैदानावर, सगळ्या वयाच्या मिश्र प्रेक्षकांसाठी 'मिरॅकल'. चर्चच्या सभागृहात, मोठ्यांच्या बैठकीसाठी 'वंडरफुल लाइफ'. 'वंडरफुल लाइफ' हा 'मिरॅकल'पेक्षा थोर चित्रपट आहे यात शंका नाही, पण मैदानावर तो हरतो. का, ते पाहू.

'वंडरफुल लाइफ' फ्रँक काप्राचा. जॉर्ज बेलीला जग फिरायचे असते. वडील अचानक जातात, त्यांची छोटी गृहकर्ज संस्था त्याच्या गळ्यात पडते, धाकटा भाऊ शिकायला बाहेर जातो आणि हा गावातच राहतो. एक भाऊ मुंबईला गेला आणि दुसरा आईवडील, कलमे आणि घराची कौले सांभाळत राहिला, अशी घरे कोकणात कमी नाहीत. तिथे ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

यातला चांगुलपणा भाषणातून येत नाही, हिशेबातून येतो. लग्नाच्याच दिवशी ठेवीदार संस्थेच्या दारात गर्दी करतात. जॉर्ज आणि मेरी मधुचंद्रासाठी ठेवलेले २,००० डॉलर काउंटरवर काढतात. एक जण आपले सगळेच्या सगळे २४२ डॉलर मागतो आणि घेऊन जातो. मग हळूहळू लोक गरजेपुरतेच मागू लागतात आणि एक बाई साडेसतरा डॉलरच पुरे म्हणते. दिवसअखेर संस्थेत दोन डॉलर उरतात आणि संस्था वाचते. पतसंस्थेच्या दारातली घाबरलेली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रसंग इंग्रजी न येताही समजतो. दुसरा असाच प्रसंग म्हणजे मार्टिनी कुटुंब भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाते तो. दारात पाव, मीठ आणि वाइन देऊन त्यांचे स्वागत होते. घरभरणीला फादरना बोलावणाऱ्या कुटुंबांना हे ओळखीचे वाटेल.

श्रद्धेच्या बाजूने हा चित्रपट फार प्रामाणिक आहे. सुरुवातच गावभरच्या प्रार्थनांनी होते. पण संस्थेचे ८,००० डॉलर हरवल्यावर जॉर्ज दारूच्या दुकानात बसून अडखळत देवाला हाक मारतो, तेव्हा पुढच्याच क्षणाला त्याच्या जबड्यावर ठोसा बसतो. थोड्या वेळापूर्वी त्याने मुलीच्या बाईंना फोनवर वाटेल ते सुनावलेले असते आणि त्या बाईंचा नवरा तिथेच बसलेला असतो. प्रार्थनेचे उत्तर मग क्लॅरेन्स नावाच्या दुय्यम दर्जाच्या देवदूताच्या रूपाने येते आणि तो काय करतो, तर स्वतःच नदीत उडी मारतो, जॉर्जने आपल्याला वाचवावे म्हणून. मदतीला आलेला देव आधी मदत मागतो. दशावतारात देव माणसांत येऊन बोलताना बघितलेल्या प्रेक्षकाला यात काहीच अवघड जात नाही. उलट शहरी प्रेक्षकच इथे चुळबुळतात.

मग अडते कुठे? लांबी सुमारे १३० मिनिटे. देवदूत पडद्यावर उतरतो तोवर दीड तास उलटलेला असतो आणि तोपर्यंत मुले मैदानाच्या मागच्या बाजूला पळापळ खेळत असतात. संवाद भरधाव आहेत. सुरुवातीचे बालपणाचे प्रसंग घाईत निघून जातात आणि नेमके तेच पुढे कळीचे ठरतात: बर्फात बुडणाऱ्या भावाला वाचवताना जॉर्जच्या डाव्या कानाचे ऐकू येणे जाते, आणि मुलाच्या मृत्यूच्या दुःखात औषधवाल्याने चुकून विष भरलेल्या गोळ्या तो पोहोचवत नाही. हे निसटले की शेवट नुसता गोड वाटतो. शिवाय नाताळच्या रात्री जॉर्ज पुलावर जीव द्यायला उभा असतो. गावात एखाद्या घराने असे दुःख भोगले असेल तर त्या घरच्यांना आधी सांगावे, त्यांना अंधारात अचानक हे दिसू नये. आणि ते ८,००० डॉलर दडपणारा गावचा धनाढ्य पॉटर शेवटपर्यंत मोकळाच राहतो. त्याला शिक्षा का नाही, हे मुले विचारणारच. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी याहून चांगला प्रश्न मिळणार नाही, पण मैदानावर त्याचे उत्तर द्यायला कोणी नसते.

आता 'मिरॅकल'. दिग्दर्शक जॉर्ज सीटन, लांबी ९६ मिनिटे. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात सांताचे सोंग घ्यायला एक म्हातारा येतो, नाव क्रिस क्रिंगल, आणि आपण खरेच सांता आहोत असे तो शांतपणे सांगतो. एडमंड ग्वेनला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि ते पटते, कारण तो एकदाही लाडीगोडीत शिरत नाही. दुकानात मिळत नसलेले खेळणे कुठे मिळेल ते तो गिऱ्हाइकांना सांगतो, मग ते प्रतिस्पर्ध्याचे दुकान का असेना. खेळण्यांच्या विभागप्रमुखाला आधी घाम फुटतो, मग लक्षात येते की यानेच गिऱ्हाईक वाढते. चांगुलपणातही धंदा शोधणाऱ्यांची ही टिंगल आजही तितकीच लागते.

मैदानासाठी हा चित्रपट निवडण्याचे खरे कारण एका छोट्या प्रसंगात आहे. दत्तक घेतलेली, नेदरलँड्सहून आलेली एक अनाथ मुलगी रांगेत येते. तिला इंग्रजी येत नाही, पण सांताला आपली भाषा येईलच अशी तिची खात्री असते. क्रिस तिच्याशी डच बोलतो, गातो. पडद्यावर भाषांतर येत नाही, कारण मूळ अमेरिकी प्रेक्षकालाही ते शब्द कळू नयेत असेच ठरवलेले आहे. शेजारी उभी असलेली सुझन, जिला आईने सगळ्या कल्पनांपासून लांब ठेवले आहे, ती हे बघते आणि तिच्या मनातली पहिली शंका इथेच हलते. म्हणजे या एका प्रसंगापुरते पुढच्या रांगेतल्या आजी आणि न्यूयॉर्कचा प्रेक्षक अगदी एका पातळीवर येतात.

श्रद्धेचा प्रकार मात्र वेगळा आहे, हे फादरना आधीच स्पष्ट सांगावे. इथे बेथलेहेम नाही, गोठा नाही, प्रार्थना नाही. पुरावा हातात नसताना एखाद्या माणसावर विश्वास टाकता येतो का, एवढाच प्रश्न आहे आणि तो थेट कोर्टात जातो. टपाल खात्याने सांताच्या नावाची पत्रांची पोती क्रिसच्या हवाली केली, म्हणजे सरकारनेच त्याला मान्यता दिली, असा वकिली युक्तिवाद शेवटी जिंकतो. न्यायाधीशाला पुढची निवडणूक दिसत असते, हेही चित्रपट लपवत नाही. गंमत म्हणजे त्या काळी चित्रपटांची नैतिक प्रतवारी करणाऱ्या अमेरिकेतल्या कॅथलिक 'लीजन ऑफ डीसेन्सी' या संस्थेने याला अंशतः आक्षेपार्ह गटात टाकले होते, कारण सुझनची आई घटस्फोटित. आज त्यावर कोणी भुवई उंचावणार नाही. खरी अडचण पाच-सहा वर्षांच्या मुलांची: सांता नसतोच, असे सुझन सुरुवातीलाच ठामपणे म्हणते. ज्या घरी अजून उशीखाली भेट ठेवली जाते, त्या आईवडिलांना कल्पना द्या.

काळा-पांढरा नकोच म्हणणाऱ्यांसाठी १९९४ ची रंगीत आवृत्ती आहे, ११४ मिनिटांची. त्यात क्रिस आहे रिचर्ड ॲटनबरो, 'गांधी'चे दिग्दर्शक. डच मुलीच्या जागी कर्णबधिर मुलगी आहे आणि क्रिस तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलतो. तोही प्रसंग उत्तम आहे. पण कोर्टाचा निकाल डॉलरच्या नोटेवरच्या देवावरील विश्वासाच्या वाक्यावर लावला आहे. श्रद्धेचा उल्लेख त्यामुळे ठळक झाला आणि युक्तिवाद लंगडा.

'क्लाउस'बद्दल थोडक्यात. स्पेनच्या सर्जिओ पाब्लोसचा हाताने काढल्यासारखा दिसणारा ॲनिमेशनपट, साधारण पावणेदोन तासांच्या आतला. आळशी पोस्टमन जेस्परला एका गोठलेल्या बेटावर वर्षभरात ६,००० पत्रांवर शिक्के मारायचे असतात, म्हणून तो स्वार्थापोटी मुलांना खेळणी वाटायला लागतो आणि दोन घराण्यांचे पिढीजात वैर हळूहळू विरते. देवाचे नाव जवळपास नाही, तरी चौघांत चांगुलपणाची साखळी सर्वांत स्पष्ट इथेच दिसते. शाळा बंद पडल्याने वर्गातच मासळी विकायला बसलेली बाई बघून मालवणात हशा पिकणार हे नक्की. पण हा नेटफ्लिक्सचा चित्रपट. घरचे खाते खासगी वापरासाठी असते, त्यावरून मैदानात जाहीर खेळ करता येत नाही. घरी मुलांबरोबर बघायला मात्र चारांत हाच पहिला.

'द नेटिव्हिटी स्टोरी' १०१ मिनिटांची. व्हॅटिकनमध्ये पहिला खेळ झालेला हा पहिला कथाचित्रपट. गोष्ट सगळ्यांना पाठ असल्याने भाषेची अडचण सर्वांत कमी. योसेफ झोपलेला असताना मारिया त्याचे सोललेले पाय धुते, तेवढा प्रसंग अख्ख्या चित्रपटाला पुरून उरतो. सुरुवात मात्र हेरोदाच्या सैनिकांनी बाळांना मारण्याने होते. लहान मुले असतील तर पहिली काही मिनिटे गाळून सुरू करा. हिंदू शेजाऱ्यांना आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलो आहोत असे वाटण्याची शक्यता यातच जास्त, त्यामुळे हा पॅरिशच्या लोकांपुरता ठेवलेला बरा.

निवड झाली की तिचे परिणाम मैदानावर दिसतात. डिसेंबरअखेर सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, पावणेसातला पुरेसा अंधार होतो आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. सातला सुरू केले तर 'मिरॅकल' मध्यंतरासकट नऊच्या आत आटोपतो. 'वंडरफुल लाइफ' साडेनऊपर्यंत जातो आणि लाइट गेली तर दहा गाठतो. २४ तारीख टाळावी, त्या दिवशी घरे कामात आणि रात्री मिस्सा. हा जत्रांचाही हंगाम आहे. जवळच्या गावात दशावतार असेल तर प्रेक्षक तिकडे जाणार, रागावून उपयोग नाही.

१९४६-४७ चे दोन्ही चित्रपट जुन्या, जवळजवळ चौकोनी मापाचे आहेत. १२ फूट रुंद, १६:९ मापाच्या पडद्यावर त्यांचे चित्र सव्वानऊ फुटांचेच दिसते, दोन्ही कडांना काळे पट्टे. ते ताणून पडदाभर करण्याचा मोह होतो, त्याने माणसे बुटकी दिसतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार ते पाच फूट वर हवी, नाहीतर उपशीर्षके पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. एवढ्या पडद्याला ३,००० ते ३,५०० ल्युमेन (प्रकाशाचे माप) क्षमतेचा प्रोजेक्टर पुरतो. रात्री मतलई वारा सुटतो, तेव्हा पडद्याच्या चारही कडा बांधा आणि कापडात वारा जायला दोन-तीन फटी ठेवा. आठनंतर दव पडते. प्रोजेक्टरवर छोटा मांडव घाला, पण मागची गरम हवा अडवू नका. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवा. लाइट गेल्यावर पंखा थांबून दिवा गरमच राहिला तर तो लवकर जातो.

मराठी उपशीर्षके वाचायला लावण्यापेक्षा माइकवर एक सांगणारा बसवावा. प्रत्येक संवाद सांगायचा नाही. 'मिरॅकल'मध्ये चार थांबे पुरतात: सुरुवातीची मिरवणूक संपल्यावर, क्रिसला वेड्यांच्या इस्पितळात नेतात तिथे, खटला सुरू होताना आणि पोती येण्याआधी. 'वंडरफुल लाइफ'ला आठ-नऊ लागतात.

राहता राहिला हक्कांचा प्रश्न. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणून जुने दोन्ही चित्रपट मोकळे वाटतात. पण मूळ कथा, संगीत आणि नंतर रंगवलेली प्रत यांचे हक्क वेगळे असतात. अमेरिकेत १९७४ मध्ये 'वंडरफुल लाइफ'च्या हक्काचे नूतनीकरण राहून गेले, वाहिन्यांनी तो वर्षानुवर्षे फुकट दाखवला आणि १९९० च्या दशकात मूळ कथा व संगीत यांच्या आधारे त्यावर पुन्हा दावा झाला. शाळेने आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता खेळ केला तर कायद्यात सूट आहे. वाडीतल्या सगळ्यांना बोलावले की ती सूट संपते. तेव्हा वितरकाकडून एका खेळाची लेखी परवानगी घ्यावी, आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज करताना त्याची एक प्रत सोबत जोडावी.