बीजीएमआयमध्ये एम का बसत नाही: शिमग्यापासून गणपतीपर्यंतच्या वापरानंतर

'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' (बीजीएमआय) या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमबद्दल नवख्यांची पहिली तक्रार ठरलेली: एम, म्हणजे नेम, बसत नाही. नेमाचा लाल ठिपका समोरच्याच्या छातीवर आहे, गोळ्या सुटतायत आणि आडवे होतोय आपणच. यावर चिडून गेम काढून टाकणारे कमी नाहीत. मधल्या किमतीच्या फोनवर शिमग्यापासून गणपतीपर्यंत, म्हणजे मे महिन्याचा उकाडा आणि मिरगानंतरचा पाऊस दोन्ही धरून, गेम वापरल्यावर मत असं आहे: गेम अवघड आहेच, पण त्याच्या नावावर जे खपतं त्यातलं अर्धं फोनचं, घामाचं आणि नेटचं असतं. किनारपट्टीवर या तिघांचंही जरा जास्तच चालतं.

आधी गेमचा वाटा. इथे ट्रिगर दाबला की गोळी लगेच लागत नाही, तिला जायला वेळ लागतो. एम४१६ या रायफलची गोळी 200 मीटरवर पोचायला पाव सेकंदाच्या आसपास घेते. तेवढ्यात आडवा धावणारा खेळाडू दीडेक मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून अंगावर धरलेला ठिपका मागे पडतो. अंगाच्या पुढे, धावण्याच्या दिशेला धरावा लागतो. थेट आपल्याकडे पळत येणाऱ्याला मात्र हे गणित लागू नाही, आणि नवखे नेमकं तिथेच उगाच पुढे मारतात.

दुसरा भाग स्प्रेचा, म्हणजे सलग गोळ्या मारण्याचा. बंदूक वर उचलते आणि डावी-उजवीकडे हलते. वर जाणं अंगठ्याने खाली ओढून मारता येतं, आडवं हलणं जवळजवळ येत नाही. त्यामुळे आडवा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा धक्का, कमी करणाऱ्या वस्तू (ॲटॅचमेंट) आधी उचलाव्यात: नळीला कॉम्पेन्सेटर, खाली हाफ ग्रिप किंवा अँगल्ड ग्रिप. एम४१६ ला टॅक्टिकल स्टॉक मिळाला तर सोडू नये. एकेएम रायफल एका गोळीला जास्त लागते, पण तिला खाली ग्रिप बसत नाही. हात बसेपर्यंत ती दहा-पंधरा मीटरच्या आतच बरी.

सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे बोट सरकवल्यावर नजर किती फिरते त्याचे, आकडे व्हिडिओतून उचलणं हा सगळ्यात मोठा घोळ. दुसऱ्याचा फोन, दुसऱ्याचा स्क्रीन, दुसऱ्याचा अंगठा. त्याचे आकडे आपल्याला कसे बसणार? कॅमेरा सेन्सिटिव्हिटी ही गोळी न मारता नजर फिरवण्यासाठी, आणि एडीएस ही गोळी चालू असताना ओढण्यासाठी. हे दोन वेगळे रकाने आहेत आणि प्रत्येक स्कोपला (बंदुकीवरच्या दुर्बिणीला) वेगळा आकडा आहे. रेड डॉटवर (साधा लाल ठिपका) जमलं म्हणून 3एक्सवर (तिप्पट मोठं दाखवणारा स्कोप) जमेल असं नाही.

बसवायची पद्धत साधी आहे. ट्रेनिंग ग्राउंडवर कोरी एम४१६ घ्या, एकही ॲटॅचमेंट नको. फक्त रेड डॉट. भिंतीवर एक खूण धरून तीसच्या तीस गोळ्या एका दमात रिकाम्या करा, आणि अंगठा रहाटाचा दोर ओढावा तसा सलग खाली आणा, झटके न देता. छिद्रं वर चढत गेली तर एडीएसचा आकडा पाच-पाचने वाढवा, खाली उतरत गेली तर तसाच कमी करा. छिद्रं एकाच उंचीवर पण आडवी पसरली असतील तर आकड्याला हात लावू नका. ते बंदुकीचं आहे. रेड डॉट बसला की 3एक्स, मग 4एक्स. एका बैठकीला एकच स्कोप.

आता जायरो, म्हणजे फोन किती झुकला ते ओळखणारा सेन्सर. अंगठ्याने नजर फिरवायची आणि उरलेली बारीक दुरुस्ती फोन झुकवून करायची, हा या गेममधला खरा उतारा. सुरुवातीला 'स्कोप ऑन' ठेवा, म्हणजे स्कोप उघडल्यावरच जायरो चालेल. पण बऱ्याच स्वस्त फोनांत खरा जायरोस्कोप नसतोच. ॲक्सिलरोमीटर आणि होकायंत्राच्या सेन्सरवरून तो भासवला जातो. असा जायरो उशिरा हलतो, थरथरतो, आणि चुंबकाचं फ्लिप कव्हर असेल तर भलतीकडेच ओढतो. कुठल्याही सेन्सर तपासणाऱ्या ॲपमध्ये जायरोस्कोपच्या नावापुढे 'व्हर्च्युअल' किंवा 'स्यूडो' दिसलं, तर जायरोचा नाद सोडा. तिथे आकडे बदलत बसणं म्हणजे फुकटची डोकेदुखी.

घामाचं दुखणं कोकणाबाहेरच्याला चटकन कळणार नाही. दमट हवेत अंगठा काचेला आधी चिकटतो आणि मग एकदम सुटतो. पडद्यावर ते असं दिसतं: ठिपका क्षणभर जागीच, मग टुणकन शत्रूच्या पलीकडे. लोक याला सेन्सिटिव्हिटी जास्त झाली समजून आकडा खाली आणतात आणि सगळंच बिघडवतात. फिंगर स्लीव्ह (बोटावर चढवायच्या पातळ टोप्या) उपयोगी आहेत, पण घामाने भिजल्या की स्पर्श तुटतो. दोन जोड हवेतच, कारण पावसात धुतलेली जोडी दोन दिवस वाळत नाही. अंगठ्यावर चिमूटभर पावडर चालते. फोनपासून लांब लावा, नाहीतर चार्जिंगच्या भोकात जाते. गुळगुळीत काचेच्या गार्डपेक्षा मॅट गार्ड बरा, रंग थोडे फिके दिसले तरी.

मे महिन्यात फोन तापला की फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला येणारी चित्रं, कमी पडतात. 60 फ्रेमला एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची असते, 40 ला 25 ची. सेन्सिटिव्हिटीचा आकडा तोच राहतो आणि हात जड वाटतो. ग्राफिक्स 'स्मूथ' ठेवा. फ्रेम रेटच्या 'एक्स्ट्रीम'वर 60 टिकत नसतील तर सरळ 'अल्ट्रा'चे 40 घ्या. खालीवर होणाऱ्या साठपेक्षा ठाम चाळीस बरे. चार्जर लावून खेळू नका, मागचं कव्हर काढा.

नेटचं रडगाणं वेगळंच. पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) 80 असून स्थिर असेल तर एम बसतो, 40 वरून 200 वर उड्या मारत असेल तर कुणाचाच बसत नाही. मोबाइल डेटावर मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की टॉवर भरतो. रात्री रँकच्या (क्रमवारीच्या) मॅच खेळायच्या भानगडीत तेव्हा पडू नये, पहाटे खेळा. वायफाय असेल तर जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे 5 गिगाहर्ट्झ नीट पोचत नाही. राउटर माजघरात असेल तर पडवीत 2.4 वापरा, नाहीतर राउटरच्याच खोलीत बसून 5 वर खेळा. पावसात लाइट जाणारच, त्यामुळे राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. घेण्याआधी ॲडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून बघा.

एम असिस्ट (नेम आपोआप शत्रूकडे ओढणारी गेमची सोय) अगदी जवळच्या मारामारीत मदत करतो, पण दोघे शेजारी असतील तर नको त्याच्याकडे ओढतो आणि अर्धमेला उभा असलेला सुटतो. जायरो हातात बसला की एम असिस्ट बंद करून बघावा. व्हर्च्युअल जायरोवाल्यांनी चालूच ठेवावा, त्यांना दुसरा आधार नाही.